आधी टेप, मग पाना

ट्रॅकवर दुसऱ्या-तिसऱ्यांदा गाडी चालवणाऱ्याला सस्पेन्शनची जाणीव होऊ लागते. पहिल्या खेपेचा दिवस वळणे लक्षात ठेवण्यात आणि ब्रेक कुठे मारायचा हे शोधण्यात संपतो. पुढच्या खेपेस मात्र गाडी लांब वळणात डुलते, ब्रेकवर पुढून एकदम बसते, थ्रॉटल उघडला की बाहेर बाहेर जाते, असे काहीबाही कळू लागते. मग शेजारच्या पिटमधून एखादा अनुभवी गडी स्क्रूड्रायव्हर घेऊन येतो आणि रीबाउंड (दबलेले सस्पेन्शन पुन्हा ताणले जाताना होणारा विरोध) दोन क्लिक घट्ट करून देतो. पुढचे सेशन बरे गेले तर तो गुरू ठरतो. वाईट गेले तर टायरला दोष दिला जातो. दोन्ही वेळा गाडीत नेमके काय बदलले, हे मालकाला कळलेले नसते.

या विषयावरचे ज्ञान दुर्मीळ नाही. पॉल थीड यांचे ‘रेस टेक्स मोटरसायकल सस्पेन्शन बायबल’, अँड्र्यू ट्रेव्हिट यांचे ‘स्पोर्टबाइक सस्पेन्शन ट्यूनिंग’, टोनी फोल यांचा हाताळणी आणि चासीवरचा जाडजूड ग्रंथ, पादुआ विद्यापीठातले व्हित्तोरे कोसाल्तेर यांचे ‘मोटरसायकल डायनॅमिक्स’ असा ऐवज इंग्रजीत आहे. व्हिडिओंची तर गणतीच नको. अडचण वेगळीच आहे. शिकणारा बहुधा सर्वांत शेवटी हात लावायच्या गोष्टीपासून, म्हणजे क्लिकपासून, सुरुवात करतो. सस्पेन्शन लावण्याचा मोठा भाग ट्रॅकवर पोचण्याआधी, घराच्या पार्किंगमध्ये, मोजपट्टी आणि दोन मित्र यांच्या मदतीने उरकतो. महाराष्ट्रातल्या चालकाला तर तसे करण्यावाचून गत्यंतर नाही. मोठ्या मोटरसायकली पूर्ण वेगाने चालवता येतील असे देशातले प्रस्थापित ट्रॅक म्हणजे चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ३.७१७ किलोमीटरचा (जुन्यांसाठी तो अजून मद्रास मोटर रेस ट्रॅक, म्हणजे एमएमआरटीच), कोइम्बतूरचा छोटा करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे २०२३ मध्ये मोटोजीपीची शर्यत झाली. तिन्ही पुण्या-मुंबईपासून हजार किलोमीटरहून लांब. गाडी टेम्पोत घालून तिथे न्यायची, दिवसात मोजकी सेशन मिळायची, आणि त्यांतली दोन सॅग मोजण्यात घालवायची, हा महागडा वेडेपणा आहे.

आधी गाडी कोणती, ते पाहिले पाहिजे. परदेशी पुस्तके सहाशे-हजार सीसीच्या, पुढे-मागे सगळे स्क्रू असलेल्या स्पोर्टबाइक गृहीत धरतात. आपल्या ट्रॅक डेला येणाऱ्या बऱ्याच गाड्यांना पुढच्या फोर्कवर काहीच फिरवायला नसते आणि मागच्या शॉकला फक्त प्रीलोडच्या, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची याच्या, खाचा असतात. निन्जा ३०० घ्या किंवा कॉन्टिनेंटल जीटी ६५०, हीच कथा. गेल्या काही वर्षांत चित्र थोडे बदलले. टीव्हीएसने २०२१ मध्ये अपाचे आरआर ३१० साठी कारखान्यातूनच जुळवता येणाऱ्या सस्पेन्शनचा संच देऊ केला, आणि चाकणला तयार होणाऱ्या नव्या पिढीच्या ३९० ड्यूकच्या फोर्कला कॉम्प्रेशन (दबताना होणारा विरोध) आणि रीबाउंडचे पाच-पाच टप्पे आले. तरीही पुस्तकातला ‘हाय-स्पीड कॉम्प्रेशन’चा धडा वाचून आपल्या गाडीवर तो स्क्रू शोधत बसणारे कमी नाहीत. स्क्रू नाही म्हणून सस्पेन्शन लावता येत नाही, असे मात्र नाही. स्प्रिंग, तेल, तेलाची पातळी, फोर्कची क्लॅम्पमधली उंची आणि टायरमधली हवा या पाच गोष्टी प्रत्येक गाडीत असतात, आणि साधे क्लिक जे करू शकत नाहीत ते यांतून होते.

त्याहीआधी देखभाल. फोर्कचे तेल चार वर्षे बदलले नाही, ऑइल सील पाझरते आहे, कोन सेटला खाच पडली आहे, चिमट्याच्या बेअरिंगमध्ये ग्रीस सुकले आहे, आणि मालक मात्र स्वीडनहून आलेला शॉक बसवायच्या गोष्टी करतो. असे मालक मी बरेच पाहिले आहेत. एक फुकटचा उपाय फार थोडे जण करतात. पुढचे चाक काढून बसवल्यावर ॲक्सलचा पिंच बोल्ट लगेच आवळू नये. गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा ब्रेक दाबून फोर्क पाच-सहा वेळा खालीवर करावा, म्हणजे दोन्ही पाय एकमेकांशी समांतर येतात, आणि मग बोल्ट आवळावा. पाय जरासे तिरके अडकले असतील तर फोर्क घासत चालतो, आणि ते घासणे चालकाला ‘कडक सस्पेन्शन’ म्हणून जाणवते.

आता सॅग. चालक पूर्ण पोशाखात गाडीवर बसला की सस्पेन्शन किती खाली बसते, ते हे माप. हेल्मेट, लेदर, बूट मिळून आठ-दहा किलो सहज होतात, म्हणून बर्म्युडा घालून मोजलेला सॅग ट्रॅकवर खोटा ठरतो. चाक हवेत असताना पहिले माप घ्यायचे: पुढे फोर्कच्या चकचकीत नळीचा उघडा भाग, मागे ॲक्सलपासून सरळ वर शेपटीवर लावलेल्या टेपच्या खुणेपर्यंतचे अंतर. मग चालक बसतो, एक मित्र गाडी सरळ धरतो, दुसरा मोजतो. इथे थीड यांच्या पद्धतीचे खरे योगदान आहे. गाडी हलकेच दाबून सावकाश वर येऊ द्यायची आणि मोजायचे. मग हलकेच उचलून सावकाश खाली बसू द्यायची आणि पुन्हा मोजायचे. दोन्ही मापे सारखी येत नाहीत, कारण सील आणि बुशमधले घर्षण गाडीला वाटेत अडवते. दोन्हींची सरासरी पहिल्या मापातून वजा केली की सॅग मिळतो. त्या दोन मापांतला फरकही टिपून ठेवावा. फोर्कमध्ये तो फार मोठा असेल तर घर्षणाचे कारण शोधायचे. क्लिक फिरवून ते जात नाही.

ट्रॅकसाठी सर्वसाधारण आकडे असे सांगितले जातात: चालकासह पुढे ३० ते ३५ मि.मी., मागे २५ ते ३५. चालकाशिवाय, नुसत्या गाडीच्या वजनाने, मागे ५ ते १०. हे आकडे १२० मि.मी.च्या आसपास खेळ असणाऱ्या स्पोर्टबाइकसाठीचे आहेत. खेळ जास्त असेल तर तेही त्या प्रमाणात वाढतील. वेगवेगळे जाणकार पाच मि.मी. इकडेतिकडे सांगतात आणि त्यावरून बरेच वाद होतात. मला ते वाद निष्फळ वाटतात. चालकासहचा आणि चालकाशिवायचा, हे दोन आकडे शेजारी ठेवले की त्यातून जे कळते ते जास्त मोलाचे. चालकासह सॅग बरोबर आला, पण नुसती गाडी शून्यावर, म्हणजे शॉक पूर्ण ताणलेला, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे आणि तिला प्रीलोड कोंबून उभे केले आहे. उलट चालकासह आकडा बरोबर पण नुसत्या गाडीचा सॅग खूप, तर स्प्रिंग जास्त कडक आहे. दोन मापांत स्प्रिंगचा निकाल लागतो, आणि त्याला एक पैसाही खर्च होत नाही.

प्रीलोडबद्दलचा गैरसमज इतका घट्ट आहे की त्यासाठी जरा आकडेमोड करायला हवी. प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते, असे गॅरेजपासून पॅडॉकपर्यंत सगळीकडे ऐकू येते. समजा फोर्कच्या प्रत्येक पायात मिलिमीटरला ९ न्यूटनची सरळ स्प्रिंग आहे. दोन मिळून १८. पुढच्या बाजूवर ९०० न्यूटनचा भार आला तर प्रीलोडशिवाय फोर्क ५० मि.मी. बसेल. १५ मि.मी. प्रीलोड दिला तर ३५. जोरात ब्रेक मारल्यावर भार २,००० न्यूटन झाला, तर १११ मधून १५ गेले, म्हणजे ९६ मि.मी. आता प्रीलोड आणखी ५ वाढवा. उभ्या गाडीचा सॅग ३०, ब्रेकवर ९१. दोन्हीकडे फरक तोच, पाचाचा. स्प्रिंग तितकीच मऊ राहिली, फक्त गाडी पाच मि.मी. उंच उभी राहिली. त्याऐवजी १० न्यूटनच्या स्प्रिंग घालून प्रीलोड १० केला, तर सॅग पुन्हा ३५ च, पण ब्रेकवर फोर्क ९० वर थांबतो. गाडी उभी असताना जागा तीच आणि ब्रेकखाली सहा मि.मी. जास्त शिल्लक, हे काम फक्त स्प्रिंग बदलून होते. फोर्कमधली कोंडलेली हवाही स्प्रिंगसारखी वागते, त्यामुळे खरे आकडे थोडे वेगळे येतील, पण हिशेबाची दिशा हीच राहील.

मागे चाक आणि शॉक यांना जोडणारे लिंकेज असलेल्या गाड्यांत आणखी एक गुणाकार येतो. चाक दोन मि.मी. हलले की शॉक एकच हलतो अशी रचना असेल, तर शॉकवर दिलेला १ मि.मी. प्रीलोड चाकाजवळ सुमारे दोन होतो, आणि स्प्रिंगचा कडकपणा चाकापाशी एक-चतुर्थांश उरतो. म्हणून मागच्या कॉलरचा अर्धा फेरादेखील जाणवतो.

गाडी कारखान्यातून निघते ती एका ठरावीक वजनाच्या माणसासाठी, आणि आपल्याकडे मागे बसणारा, खड्डे आणि गतिरोधकही गृहीत धरून. ट्रॅकवर पंचावन्न किलोचा कॉलेजकुमार आणि पंच्याऐंशी किलोचा गृहस्थ एकाच मॉडेलवर येतात, आणि दोघांनाही एकच स्प्रिंग बरोबर कशी असेल? लोकप्रिय ट्रॅक गाड्यांसाठी बाहेरच्या कंपन्यांच्या स्प्रिंग मिळतात, बाकीच्यांना जुगाड. पीव्हीसी पाइपचा तुकडा घालून प्रीलोड वाढवणे हा जुना आणि तसा निरुपद्रवी जुगाड, पण त्याने फक्त उंची बदलते. स्प्रिंग कापली तर ती खरोखर कडक होते, कारण वेटोळी कमी झाली. मात्र कापलेले टोक नीट सपाट केले नाही तर ते आत खरवडते, आणि कामगिरी सुधारण्याऐवजी तेलात धातूचा चुरा होतो.

तेलाच्या बाबतीत दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. डब्यावरचा ‘टेन डब्ल्यू’ हा आकडा एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीशी जुळेलच असे नाही. तुलना करायची तर ४० अंश सेल्सिअसला सेंटिस्टोक्समधली विष्यंदिता, म्हणजे चिकटपणाचे खरे माप, पाहावे. दुसरी गोष्ट पातळीची. फोर्क पूर्ण दाबून, स्प्रिंग काढून, वरच्या कडेपासून तेलापर्यंतचे अंतर मोजतात. पातळी दहा मि.मी. वर घेतली की आतली हवा कमी होते आणि खेळाचा शेवटचा तिसरा हिस्सा बराच कडक होतो, सुरुवातीचा जवळजवळ तसाच राहतो. ब्रेकवर फोर्क तळाला टेकत असेल आणि एरवी ठीक वाटत असेल, तर यासारखा स्वस्त उपाय नाही.

स्वस्त गाड्यांच्या फोर्कची एक मूळ मर्यादा इथेच सांगून टाकतो. त्यांत तेल ठरावीक छिद्रांतून ढकलले जाते. हालचाल सावकाश असली तर जवळजवळ विरोध नाही, आणि झटका मोठा असला तर विरोध एकदम चढतो. म्हणून तोच फोर्क ब्रेकवर फताड्यासारखा बसतो आणि खाचखळग्यावर हात सुन्न करतो. दाट तेल घालून पहिला दोष झाकला की दुसरा वाढतो. कार्ट्रिजच्या फोर्कमध्ये पातळ पोलादी चकत्यांची चवड वाकून तेलाला वाट देते, त्यामुळे दोन्ही टोके वेगवेगळी सांभाळता येतात. छिद्रांच्या फोर्कमध्ये बसवायचे ‘इम्युलेटर’ नावाचे व्हॉल्व्ह हे याच दोन जगांमधली तडजोड आहेत आणि छोट्या ट्रॅक गाडीसाठी माझ्या मते पैशाचा उत्तम उपयोग.

एवढे सगळे झाल्यावर डॅम्पिंगचे, म्हणजे कॉम्प्रेशन-रीबाउंडचे, क्लिक. ‘हाय-स्पीड’ आणि ‘लो-स्पीड’ यांचा गाडीच्या वेगाशी संबंध नसतो, तर शॉकचा दांडा किती वेगाने आत-बाहेर जातो याच्याशी असतो. सरळीवर दोनशेच्या वेगात सपाट रस्त्यावर दांडा जवळपास स्थिर असतो. वळणाच्या आतल्या कर्बवर चाळीसच्या वेगात चढलात तरी तो ‘हाय-स्पीड’ झटका आहे. क्लिक मोजायचे ते नेहमी पूर्ण बंद स्थितीपासून उलटे, आणि बंद करताना हलक्या हाताने, कारण आत सुई असते आणि जोर दिला तर तिची बैठक खराब होते. सुरुवातीची स्थिती लिहून ठेवल्याशिवाय पहिला क्लिक फिरवू नये, हा नियम सगळी पुस्तके सांगतात आणि पॅडॉकमध्ये निम्मे लोक मोडतात.

लक्षणांवरून निदान करताना फसवणूक इथेच होते. रीबाउंड जास्त घट्ट असेल तर एका उंचवट्यावरून फोर्क दबतो आणि पूर्ण वर येण्याआधी पुढचा उंचवटा येतो, पुन्हा दबतो. तीन-चार उंचवट्यांत फोर्क खेळाच्या तळाशी जाऊन बसतो, जिथे हवा आणि स्प्रिंग दोन्ही कडक आहेत. चालकाला जाणवते ते फक्त ‘कडक’. तो कॉम्प्रेशन मऊ करतो, फोर्क आणखी सहज दबतो, आणि त्रास वाढतो. उपाय उलट होता: रीबाउंड सैल करायचा. मागच्या शॉकचेही तसेच. तिथे रीबाउंड फार घट्ट असला तर मागचा भाग खाली राहतो, पुढचे चाक हलके होते आणि गाडी थ्रॉटलवर बाहेर सरकते. पण स्प्रिंग मऊ असली किंवा मागची उंची कमी असली तरीही नेमके हेच होते. लक्षण एक, कारणे तीन, आणि त्यांना वेगळे काढायचा मार्ग एकच: एका वेळी एकच बदल, तोही जाणवेल इतका मोठा, आणि त्याच गतीने दोन-तीन लॅप. अर्धा क्लिक फिरवून ‘बरे वाटते’ म्हणणे हा मनाचा खेळ असतो. म्हणून बरेच प्रशिक्षक नवशिक्याला मुद्दाम टोकाला नेतात. रीबाउंड पूर्ण बंद करून, मग पूर्ण उघडून, अगदी सावकाश वेगात चालवायला लावतात. दोन्ही टोके एकदा अंगाला कळली की मधली स्थिती ओळखू येते. हा प्रयोग वेगात करायचा नाही, विशेषतः मागचा रीबाउंड पूर्ण उघडा असताना.

फोर्कच्या नळीला बांधलेला प्लॅस्टिकचा झिप-टाय हे सर्वांत प्रामाणिक साधन आहे. सेशननंतर तो कुठवर ढकलला गेला ते पाहायचे. तळापासून दहा-पंधरा मि.मी. राखून थांबला असेल तर फोर्क आपले काम करतो आहे. जेमतेम अर्ध्यावर थांबला असेल तर स्प्रिंग कडक आहे, किंवा चालक अजून ब्रेक पूर्ण वापरत नाही. दुसरी शक्यता मान्य करायला लोकांना जड जाते. झिप-टाय फक्त कमाल खोली सांगतो, गाडी बहुतेक वेळ कुठे होती ते सांगत नाही. त्यासाठी पोटेन्शिओमीटर आणि डेटा लॉगर लागतो, आणि तो खर्च छंद म्हणून चालवणाऱ्याने करावा असे मला वाटत नाही.

टायरच्या पृष्ठभागावरून निदान करणारा एक संप्रदाय आहे. कॅलिफोर्नियाचे डेव्ह मॉस यांनी तो लोकप्रिय केला. रबर कोणत्या कडेने फाटले, कुठे उचलले गेले, यावरून रीबाउंड सैल की घट्ट ते वाचायचे. त्यात तथ्य आहे, पण हवेचा दाब चुकलेला असेल तर सगळे वाचन चुकते. आपल्या ट्रॅकवर सकाळी थंड टायरला लावलेला दाब दुपारच्या उन्हात चार-पाच पीएसआयने वाढला तर नवल नाही. दाब पाहायचा तो पिटमध्ये शिरताक्षणी, गरम असताना. टायर स्वतःच एक स्प्रिंग आहे, आणि तिला डॅम्पर नाही. तिचा कडकपणा सेशनगणिक बदलत असेल तर शॉकच्या क्लिकना काही अर्थ उरत नाही.

भूमितीचा विषय खोल आहे, पण नवशिक्याने त्यात फार शिरू नये. फोर्क क्लॅम्पमध्ये पाच मि.मी. वर सरकवला की पुढचा भाग खाली येतो, ट्रेल (स्टीअरिंगचा अक्ष जमिनीला भेटतो तिथपासून टायर टेकतो त्या जागेपर्यंतचे अंतर) कमी होतो, गाडी लवकर वळते आणि सरळीवर थोडी अस्वस्थ होते. ब्रेकवर फोर्क बसतो तेव्हाही क्षणभर हेच घडते, म्हणून पुढून बसणे सर्वस्वी वाईट नसते. ते इतके रोखले की गाडी वळायलाच तयार होत नाही, असे करून ठेवणारे पुष्कळ आहेत. साखळीच्या ओढीचा मागच्या भागावर होणारा परिणाम, चिमट्याचा कोन, हे सगळे फोल आणि कोसाल्तेर यांच्याकडे सविस्तर मिळते. इंजिनिअर वाचकाने कोसाल्तेर जरूर वाचावेत, बाकीच्यांनी थीड पुरेसे.

आणि चालक? कीथ कोड यांचे १९९३ चे ‘ट्विस्ट ऑफ द रिस्ट’चे दुसरे पुस्तक सस्पेन्शनचे नाही, तरी मी ते या यादीत घालीन. वळणात थ्रॉटल हळूहळू आणि अखंड उघडत राहिला की वजन साधारण चाळीस टक्के पुढे आणि साठ टक्के मागे राहते, आणि सस्पेन्शन आपल्या खेळाच्या मधल्या, कामाच्या भागात बसते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. वळणाच्या मध्यावर थ्रॉटल सोडून पुन्हा उघडणाऱ्याची गाडी कितीही महाग शॉकवर डुलणारच. मी तर असे म्हणेन की ज्याचा लॅप टाइम तीन सेकंद मागेपुढे होतो, त्याने सॅग, हवा आणि तेल एवढेच करून क्लिकना हात लावू नये. त्याला बदल मोजताच येणार नाही. त्याच्या स्वतःच्या चढउतारात तो बुडून जाईल.

मग तज्ज्ञाकडे जावे की स्वतः शिकावे? परदेशी ट्रॅक डेला सस्पेन्शनवाला तंबू टाकून बसलेला असतो. फी दिली की अर्ध्या तासात सॅग आणि क्लिक लावून देतो. तशी सोय इकडे विरळ. शर्यतींच्या संघांकडे जाणकार मेकॅनिक आहेत, पण ते आपल्या चालकांच्या कामात असतात. शॉक उघडून चकत्यांची चवड बदलणे, नायट्रोजन भरणे ही कामे मात्र कुणीही घरी करू नयेत. दाबाखालचा वायू आणि चुकीची चकती या दोन्ही गोष्टी अंगाशी येतात. त्यासाठी जाणत्याकडे शॉक पाठवताना सोबत सॅगची मापे, पोशाखासह वजन, झिप-टायच्या नोंदी आणि तक्रार नेमकी कोणत्या वळणात, ब्रेकवर की थ्रॉटलवर, एवढे लिहून पाठवले तर तो योग्य काम करतो. नुसते ‘ट्रॅकसाठी बनवा’ म्हटले की तो सरासरी माणसासाठी बनवतो.

राहिले इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन. बीएमडब्ल्यूच्या एचपी४ ने २०१२ मध्ये सुपरबाइकवर अर्ध-सक्रिय डॅम्पिंग आणले, त्यानंतर महागड्या स्पोर्टबाइकमध्ये ते रुळले. मोटोजीपीत त्याला आजही परवानगी नाही. ड्युकाटीच्या पानिगाले व्ही४ एस सारख्या गाड्यांत क्लिकऐवजी पडद्यावर ‘ब्रेकवर आधार’ अशा भाषेत निवड करता येते, आणि डॅम्पिंग क्षणोक्षणी बदलते. शिकण्याची गरज संपली असे त्यावरून वाटू शकते. पण ही यंत्रणा बदलते ते फक्त डॅम्पिंग. अशा स्पोर्ट गाड्यांत प्रीलोड बहुधा पान्यानेच फिरवावा लागतो आणि स्प्रिंग कारखान्याने घातली तीच असते. पंच्याऐंशी किलोच्या गृहस्थाने अशी महागडी गाडी घेतली, तरी नुसत्या गाडीचा मागचा सॅग शून्य येत असेल तर पडद्यावरचा कोणताही पर्याय त्याची स्प्रिंग बदलत नाही, आणि तो सॅग शून्य आहे हे त्याला टेप लावल्याशिवाय गाडीही सांगत नाही.